दारातली सवाष्ण

दिनकर पेंडसे जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता. ज्याला माप लावता येत नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. १९६१च्या फेब्रुवारीत फाशिंग आलं, म्हणजे सोंगं घेऊन फिरायचा सण, तेव्हा शेजारचा हेर, म्हणजे श्रीयुत, फोगल दारोदार छापील कागद वाटत फिरला. चार वाजता पोरं घरात. चार वाजता प्रत्येक सोंगानं गल्लीतल्या विहिरीपाशी मुखवटा काढून तोंड दाखवायचं. जो काढणार नाही, त्याला गल्लीबाहेर हाकलायचं.

"आपली बायकामुलं सुखरूप राहायला हवीत, हेर पेंडसे."

दिनकरला हे फार पटलं. शिस्त म्हणजे शिस्त.

अडीचला दार वाजलं. दारात चेटकीण उभी. लाकडी तोंड, फाटके घागरे, डोक्याला रुमाल.

"अहो, बाईमाणूस आलंय," सुलेखा हसत म्हणाली. "रिकाम्या कपाळानं कशी पाठवू?"

"अगं, आत कुणीतरी मिशाळ लोहार असेल!"

"असू दे की. आज तर बाई आहे ना?"

तिनं लाकडी कपाळाला हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि सफरचंद घालून ओटी भरली, वर वाकून नमस्कारही केला. पाच वर्षांची शुभा टाळ्या पिटत होती. दिनकर हसायला गेला आणि थांबला. थंडीनं सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मुखवट्याच्या तोंडातून नाही.

चेटकीण वळली, पण गेली नाही. घराकडे पाठ करून, दोन्ही हात चौकटीला लावून उंबऱ्यावर उभी राहिली. तीन वाजले. साडेतीन. सुलेखानं शुभाला वर नेऊन निजवलं. दिनकर मागच्या दारानं बाहेर पडला.

चारला विहिरीपाशी सगळ्यांनी मुखवटे काढले. गवंडी, पाववाला, शाळामास्तर, सगळे ओळखीचे. एकही कमी नव्हता. मग ते दिनकरच्या दाराशी आले.

"चला, पुरे झालं!" फोगल ओरडला. "तोंड दाखव!"

ती हलली नाही. तिची नजर त्यांच्यावर नव्हतीच. त्यांच्या डोक्यांवरून ती विहिरीकडे बघत होती.

पहिली काठी फोगलनं घातली. मग सगळेच सुटले. हातात काठी आणि मागे गर्दी असली की भेकडांनाही मोठं शौर्य चढतं. खांद्यावर, गुडघ्यांवर, बरगड्यांवर दणादण. पाववाल्यानं तर दगड घेतला. तिनं एकदाही हात उगारला नाही. चौकटही सोडली नाही. आणि दिनकर? आपण याच गल्लीतले आहोत हे दाखवायची याहून बरी संधी कुठली! त्यानं कोळशाचं फावडं उचललं.

सुलेखा जिन्यावरून धावत आली. "अहो, नका! ती मारतेय का कुणाला? दार धरून उभी आहे नुसती!"

त्यानं घातलंच. कपाळापासून हनुवटीपर्यंत मुखवटा उभा फुटला. घागरे खाली कोसळले. तांदूळ बर्फात सांडले.

आत माणूस नव्हता.

फोगलनं टोपी काढली. कुणी कुणाकडे बघेना. एकेक जण घरी गेला.

दिनकरनं खाली पाहिलं, तेव्हा बुटांनी तुडवलेल्या बर्फातही त्याला ती पावलं स्पष्ट दिसली. अनवाणी. विहिरीपासून आलेली. उंबऱ्यासमोर हातभर जागेत ती पुन्हापुन्हा पुढे-मागे झाली होती, तासन् तास झाली असावीत इतकी.

आता ती पावलं घागरे ओलांडून आत गेली होती.

जिन्याच्या पायऱ्यांवर ती ओली उमटली होती.

सुलेखानं त्याचा दंड धरला. वर शुभा बोलत होती. घरातलं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच असायचं.

"या," ती म्हणाली, म्हणजे हो.

मग कुणी काही विचारतंय ते ऐकत असल्यासारखी थांबली.

"गेनाऊ." अगदी बरोबर.

आणि वरच्या खोलीची कडी आतून लागली. शुभाचा हात तिथवर पोचत नव्हता.