अळणी

डॉ. सुनेत्रा इंगवलेने काचपेटीचं झाकण उघडलं आणि आतल्या मटणाच्या तुकड्यापाशी नाक नेलं. वास नव्हता. तुकडा परवापासून उघड्यावर होता. तरीही तो आत्ताच कापल्यासारखा लालसर, ओलसर दिसत होता. गेल्या वर्षी याच गोष्टीसाठी तिचा सत्कार झाला होता. आज तिला त्याच्याकडे बघवेना.

डॉ. दिगंबर चौगुले दवाखान्यातून थेट प्रयोगशाळेत आले. शहराच्या आरोग्यकक्षाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

"अख्खी तालीम आडवी झालीय," ते म्हणाले. "एकेक गडी म्हशीएवढा, पण पाण्याचा पेला उचलवत नाही. काल कुस्ती जिंकल्याचं जेवण होतं. मटण आपल्याच बाजारातलं. तुमच्या बधिरकाचा फवारा मारलेलं."

"मला माहीत आहे, सर. त्यांच्या पातेल्यातला रस्सा तपासला मी. विष सापडलं."

"शिजवलेल्या रश्शात?"

"जंतू शिजून मरतात. त्यांनी आधी सोडलेलं विष उकळीने जात नाही."

चौगुले स्टुलावर बसले. "मला पहिल्यापासून सांगा. वर सांगायचंय मला. घरी सांगता तसं सांगा."

घरी ती हे साडेतीन वर्षांच्या लेकीला, रेवूला, गोष्ट म्हणून सांगायची. तिला भरवताना, तिच्या केसांतला गुंता सोडवताना. तशीच आता सांगू लागली.

"मटणावर पुंजगोलाणू नावाचे जंतू असतात. द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. थोडे असले की ते गप्प राहतात. प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो, ती त्यांची हाक. हाका पुरेशा ऐकू आल्या, की त्यांना कळतं, आपण आता भरपूर झालो. याला आम्ही गणपूर्ती म्हणतो. ती झाली की सगळे एकदम विष सोडतात. मटण नासवणाऱ्या दुसऱ्या जंतूंचं तसंच, ते वास सोडतात. बधिरक त्या सगळ्यांचे कान बुजवतो. हाक ऐकूच येत नाही, म्हणून ना विष, ना वास."

"आणि वाढ?"

"वाढ होतच राहते. गपचूप. आपल्याला वाटलं, बिनविषारी जंतू कितीही असेनात, शिजले की संपले."

"मग तालमीत कान उघडले कुणी?"

सुनेत्राने टेबलावरची छोटी बरणी पुढे सरकवली. चौगुल्यांनी चिमूट चाखली.

"मीठ?"

"बधिरक जंतूला विद्युतभाराने चिकटतो. मिठाच्या पाण्यात ती पकड सुटते. पुंजगोलाणूला मिठाचं काही वाटत नाही, उलट बाकीचे जंतू मागे पडतात. तालमीत सकाळीच मटणाला हळद-मीठ लावून ठेवलं होतं. तोवर पुंजगोलाणूंची संख्या कोटींवर गेलेली. कान उघडले आणि सगळ्यांनी एकाच वेळी विष सोडलं."

"चाचण्यांत हे कसं दिसलं नाही?"

"आपण बाजारातून तुकडे आणून तसेच तपासले. मीठ लावून ठेवतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माहेरी कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. सासरी मटण असलं की मी माडीवर जाते."

"आणि माझ्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात नसतो," चौगुले म्हणाले. "बरे दोघे भेटलो आपण बाजाराला."

कुणी हसलं नाही. रविवारची दुपार होती. शहरातल्या निम्म्या घरांत आत्ता मटण असणार.

चौगुल्यांनी फोन उघडला. त्यावरून पाठवलेला नगरनिरोप शहरातल्या सगळ्या फोनवर एकदम वाजत असे. "मीठ लावलेलं मटण टाकून द्या, असं लिहितो. पोरांचं काय? मोठ्या माणसाला उलट्या झाल्या तर तो निभावून नेईल. एवढंसं मूल तासाभरात सुकतं."

"मुलांना काही होणार नाही," सुनेत्रा म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज सैल झाला. "लहान मुलांना इथे अळणी देतात. आमच्या सासूबाई रेवूलाही तेच देतात. मीठ नाही, म्हणजे कान बुजलेलेच राहतात. उकळलं की संपलं. तेही सांगा, म्हणजे आया घाबरणार नाहीत."

चौगुल्यांनी लिहिलं. मीठ लावून ठेवलेले मटण व त्याचा रस्सा टाकून द्यावा. लहान मुलांना अळणी देण्यास हरकत नाही. दोघांनी ते एकदा वाचलं. निरोप गेला. सुनेत्राच्या पर्समधला फोनही वाजला.

थोड्या वेळाने तिने घरी फोन लावला, नुसता आवाज ऐकायला.

"आला बघ तुझा निरोप," सासूबाई म्हणाल्या. "जिवावर आलं, पण रस्सा-मटण सगळं खड्ड्यात घातलं. कुत्र्याला पण दिलं नाही. तुझे सासरे पिठलं खात बसल्यात, तोंड बघायला पाहिजे होतंस."

"आणि रेवू?"

"तिचं अळणी आधीच काढून ठेवलं होतं की. निरोपात चालतंय म्हटलंय, म्हणून दिलं. शेजारच्या विमलची दोन नातवंडं पण आली वाट्या घेऊन, त्यांच्यात टाकून दिलं म्हणून."

सुनेत्राचा हात टेबलाच्या कडेवर गेला. "आधीच काढून ठेवलेलं? आई, त्यात मीठ नसतं ना?"

"मिठाशिवाय कोण पिईल गं ते?"

"पण अळणी..."

"अळणी म्हणजे तिखट नसलेलं. हळद-मीठ लावून मटण शिजवायचं, मसाला पडायच्या आधी पोरांचं काढून घ्यायचं. तुमच्यात अळणी म्हणजे बिनमिठाचं असेल. आमच्यात हेच."

सुनेत्राने चौगुल्यांकडे पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता. त्यांनी ऐकलं होतं. ज्या घरांनी निरोप तंतोतंत पाळला, त्या घरांत मोठ्यांनी सगळं टाकलं होतं आणि मुलांना तेवढं अळणी दिलं होतं. जंतू मेलेले होते. त्यांनी सोडलेलं विष वाट्यांमध्ये होतं.

"आई," रेवूचा आवाज आला. "मी सगळं संपवलं. तळाचं पण चाटलं. मी शहाणी ना?"

"हो," सुनेत्रा म्हणाली. "शहाणी माझी. आजीला दे फोन."

"काय झालं गं? तुझा आवाज असा का?"

"आई, नीट ऐका. तिला उलट्या होतील. विमलच्या नातवंडांनाही. गाडी पाठवतेय, मीही निघालेय. तोवर उकळून निववलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजत राहा. थांबू नका."

चौगुले नवा निरोप लिहीत होते. साखर-मिठाचे पाणी द्यावे, एवढं उमटलं होतं. पुढे त्यांची बोटं थांबली होती.

पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. सासूबाई बोलल्या तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता, की तो त्यांचाच आहे हे कळायला सुनेत्राला क्षणभर लागलं.

"सुनेत्रा, मीठ किती? चमच्याने सांग बाई. तुमच्यातली चिमूट केवढी असते, मला ठाऊक नाही."