एकच भाषा येणारी चिप

यंत्राला काहीच झालं नव्हतं, हेच तर कोडं होतं. बॅटरी भरलेली, हिरवा दिवा ऐटीत चमकतोय, पण शलाकाच्या कानातलं श्रवणयंत्र सकाळपासून मुकं! एरवी बाईंच्या गळ्यातल्या माइकमधला आवाज बिनतारी लहरींनी थेट तिच्या कानात यायचा. आज सगळा वर्ग खदखदून हसला आणि ही बिचारी नुसती बघत राहिली.

शाळा सुटताच तिने आत्याआजीची प्रयोगशाळा गाठली. यंत्रातली चिप (नखाएवढ्या सिलिकॉनवर कोरलेलं सर्किट) वसुमती आत्याआजीच्याच सांगलीतल्या कंपनीने आखली होती. आत्याआजीने तिला समोर बसवलं. ओठ दिसले की शलाकाला बोलणं समजायचं.

"शाळेत नवे माइक आलेत का गं?"

"हो, आजच. जुने मोडीत काढले."

आत्याआजीचा चेहरा पडला. "मग तुझ्या चिपला त्यांची भाषा येत नाही. बिनतारी यंत्रं संदेशनियमाने (आपसांत बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) बोलतात. तुझ्या चिपला एकच नियम येतो, आमच्या भागीदाराचा जुना."

"भागीदार घेतलासच कशाला?"

"चिप मी आखते, पण ती बनवायचा कारखाना माझ्या आवाक्याबाहेरचा. त्या मोठ्या फोन कंपनीकडे कारखाना होता, देशभर दुकानं होती. त्यांच्यामुळेच चिप तुझ्या कानापर्यंत पोचली, हे नाकारून कसं चालेल? पूर्वी दर शनिवारी आम्ही घरून परक्या कंपन्यांची यंत्रं आणायचो. कुणी दारावरची घंटा, कुणी खेळण्यातली गाडी. चिपला त्यांच्याशी बोलायला लावायचो, अडली की शिकवायचो. भागीदार म्हणाले, 'बाकीच्या भाषा काढा, चिप स्वस्त पडेल. आमचे माइक आहेतच की.' मी काढल्या. शनिवारही बंद केले. यंदा त्यांनी स्वतःची चिप आणली, माइकचा नियम बदलला आणि आम्हाला वाऱ्यावर सोडलं."

"मग आता शिकव ना माझ्या चिपला!"

"त्या भाषेचं सर्किटच तिच्यात नाही, राणी. नवी चिप यायला दिवाळी उजाडेल."

शलाकाचे डोळे भरून आले. दिवाळीपर्यंत वर्गात सगळे हसणार आणि आपण कारण विचारत बसणार.

"पुन्हा भागीदार घेशील?"

"घ्यावाच लागेल, एकटीने नाही जमत. पण या वेळी चिपला कुठल्याही कंपनीला वापरता येणारी खुली भाषाही येईल. ज्याला हे मान्य, त्याच्याशीच करार."

बोलता बोलता आत्याआजी खिडकीकडे वळली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस? मला दिसलं नाही."

आत्याआजी परत आली. तिच्यासमोर बसली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "माझं चुकलं, शलाका."