उसनी सायकल

शर्यतीच्या सकाळी प्रशिक्षक बिरनाळे सरांनी सायकल संघातल्या प्रत्येकाच्या छातीवर, लहान मुलाला तीट लावावी तशी, भाकीतपट्टी चिकटवली. हृदय थोड्या वेळात दगा देणार असेल तर ही पट्टी ते आधीच ओळखायची. सायकलवरचा मीटर स्वाराच्या छातीवरची पट्टी वाचायचा आणि धोका दिसला की सरांच्या गाडीतल्या पडद्यावर त्या सायकलच्या मालकाचं नाव लाल व्हायचं. एकदा नाव लाल झालं की त्या स्वाराला व्यावसायिक शर्यती कायमच्या बंद. नियम कडक होता, पण दोन स्वार भर शर्यतीत कोसळून मेल्यावर बोलणार कोण?

आंबा घाटाच्या पायथ्याशी श्रेणिक मगदूमचं चाक पंक्चर झालं. तो संघाचा म्होरक्या, आणि म्होरक्या अडला की साथीदाराने आपली सायकल द्यायची ही जुनी रीत. लोकेशने उडी मारून स्वतःची सायकल दिली, वर पाठीला हात लावून त्याला ढकललंही. सरांची गाडी बरीच मागे होती. घाईत त्यांना रेडिओवर कळवायचं दोघेही विसरले.

श्रेणिकने एकेकाला मागे टाकलं. व्यावसायिक म्हणून त्याचं हे दुसरंच वर्ष, अजून एकही विजय नाही. शर्यत संपायची तो माथा तीन वळणांवर आला आणि पुढे कुणीच नव्हतं. तेवढ्यात कानात सर ओरडले.

"लोकेश, सायकलवरनं उतर! तुझं नाव लाल झालंय!"

लोकेश दिसतो का म्हणून श्रेणिकने मागे वळून पाहिलं. तरी पाय थांबेनात, याची त्याला लाज वाटली.

"कसली सायकल, सर?" लोकेशचा आवाज आला. "ती श्रेणिकला दिली की. मी हितं धोंड्यावर बसून केळं खायलोय."

श्रेणिकने हँडलकडे पाहिलं. मीटर लोकेशचा होता, पण वाचत होता श्रेणिकच्या छातीवरची पट्टी.

"श्रेणिक," सर हळू आवाजात म्हणाले, "उतर, लेका."

"छातीत काही दुखत नाही, सर. आणि आता तशीही ही शेवटचीच शर्यत. दोनच वळणं राहिलीत!"

"पट्टी चुकतही असंल. पण तुझ्या जिवावर मी पैज लावणार नाही. उतर."

त्याने आणखी एक वळण घेतलं. माथ्यावरचा ढोल ऐकू येऊ लागला. मग त्याने ब्रेक दाबले, सायकल कठड्याला टेकवली आणि ढसाढसा रडला. मागचे स्वार एकेक करून पुढे निघून गेले.

डॉक्टरांनी तिथेच तपासलं. हृदय ठणठणीत होतं. वेळेवर थांबल्यामुळे की मुळातच, हे त्यांनाही सांगता येईना; बंदी मात्र कायमच राहिली. सरांच्या गाडीतून आलेल्या लोकेशने धावत येऊन त्याला मिठी मारली.

"वाचलास, बाबा!"

"कशापासून?" श्रेणिकने विचारलं.