ऐकू न येणारे आवाज

विमा कंपनीच्या ऑफिसात खोटे मेल ओळखणं हे तिचं कामच होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, लिंक दाबण्याआधी कंपनीला स्वतः फोन करा, हे ती इतक्यांदा सांगायची की सगळे तिला गमतीनं 'चाळणी' म्हणायचे. आणि सुट्टीच्या सकाळी तिच्याच घरात, सासऱ्यांनी लिंक दाबली.

"पोरी, माझ्या कानाच्या यंत्राच्या कंपनीचा मेल होता," ते हॉलमधून म्हणाले. "आज उत्तर दिलं नाही तर यंत्र बंद पडेल म्हणे. मी 'हो' दाबून टाकलं."

हातातले ओले कपडे तसेच टाकून ती धावली. सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवलेली; इंजिनाच्या घरघरीनं दोन्ही कान गेलेले. यंत्राशिवाय त्यांना शेजारी फटाका फुटला तरी कळत नसे.

मेल हुबेहूब होता. तोच निळा रंग, तेच बोधचिन्ह. पत्त्यात मात्र कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं. पण ना कार्डाचा नंबर मागितला होता, ना पासवर्ड. एकच प्रश्न होता: 'तुम्हाला ऐकू न येणारे आवाज सुरू करायचे का?'

"बाबा, आधी मला हाक मारायची नाही का?"

"तू कपडे वाळत घालत होतीस. आणि प्रश्न काही वाईट नव्हता."

तिनं नेट बंद केलं, पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं. मग यंत्राच्या खोक्यावरचा नंबर शोधून कंपनीला फोन लावला.

"तो मेल आमचा नाही, मॅडम," तिकडची मुलगी म्हणाली. "पण घाबरू नका. त्यांचं मॉडेल अगदी साधं आहे, नेटला जोडताच येत नाही. बाहेरून कुणी त्यात काही करूच शकत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. ती हसत सासऱ्यांकडे वळली, तर तेच म्हणाले, "अगं, गेलं दूध तर गेलं. एवढं काय ओरडायचं?"

"कुठलं दूध?"

"आत्ता तूच ओरडलीस ना? 'अरे देवा, गेलं सगळं दूध!'"

दूध अजून फ्रिजमध्ये होतं.

थोड्या वेळानं तिनं ते गॅसवर ठेवलं आणि मुद्दाम समोर उभी राहिली. बेल वाजली. शेजारीण घराची किल्ली ठेवायला आली होती. तिच्याशी दोन शब्द बोलून ती वळते तोच आतून चर्र आवाज आला.

"अरे देवा, गेलं सगळं दूध!"

शब्द तोंडातून गेले आणि ती जागच्या जागी थबकली. हॉलमध्ये सासरे पेपर खाली ठेवून तिच्याकडे बघत होते.

दूध उतू गेल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार, असं तिनं स्वतःला समजावलं. ओटा पुसला. स्वच्छ झालेला ओटा पुन्हा पुसला.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी एका कानातलं यंत्र काढून तळहातावर घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. खरखर येते."

"बघू."

तिनं ते कानात घातलं. अजून कोमट होतं. पंखा ऐकू आला, रस्त्यावरची एक मोटारसायकल. मग सासऱ्यांच्या खुर्चीपाशी कुणीतरी बोललं. रडू आवरत, अगदी हळू. आवाज तिचाच होता.

"बाबा... बाबा, उठा ना."

तिचे ओठ मिटलेले होते. सासरे समोर जागे बसले होते.

"काय ऐकलंस?"

"खरखर," ती म्हणाली.

"हं. मीही सकाळपासून तेच ऐकतोय." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं.

नवरा कामासाठी परगावी होता. ती सासऱ्यांना एकटीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. "यांचं हृदय माझ्यापेक्षा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. येताना सासरे टॅक्सीवाल्याला गिअर कसा टाकावा ते शिकवत होते. घरी आल्यावर तिनं यंत्रं काढून ठेवायला सांगितली.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तुझा आवाज तरी कानावर पडतो."

संध्याकाळी ती चहा घेऊन आली. सासरे खुर्चीत होते, डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर टेकलेली, पेपर पोटावर.

तिनं कप ठेवला. नेहमी कपाच्या त्या आवाजानं ते डोळे उघडत.

पेपर हलत होता. श्वासानं की पंख्याच्या वाऱ्यानं, कळेना.

तिचा हात पुढे गेला आणि खांद्याच्या अलीकडेच थांबला.

हाक अगदी ओठांवर आली. तिनं ओठ घट्ट आवळले.

कपातल्या चहावर हळूहळू साय धरत गेली.

ती बोलली नाही.