झबल्याचे बंद

राळेगावच्या शिवणवर्गात दुपारी मशिनी थांबल्या आणि बायका दीपाभोवती जमल्या. यवतमाळची ही पोरगी म्हणे जुन्या कपड्यांचं ॲप बनवत होती. कापडाचा फोटो काढा, त्याचं काय शिवता येईल ते फोन दाखवणार! पिशवी, पायपुसणं, उशीचा अभ्रा असे सगळे नमुने दीपानं स्वतः घातले होते. झबलं तेवढं मुद्दाम वगळलं होतं. भीतीला शिक्षण नसतं. दोनदा तिचं पोट पडलं होतं, आणि या खेपेचं तिनं नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

वर्ग चालवणाऱ्या नलूबाईंनी आपलं जुनेर पुढे केलं. दीपानं फोटो काढला. पडद्यावर झबलं आलं, नुसतंच बेतलेलं, बिनबाह्यांचं.

“काहीतरी चुकलं,” म्हणत ती हसली, तशा बायकाही हसल्या. मग वर्गातल्या लालीबाईनं आणलेला तिच्या नवऱ्याचा सदरा घेतला. पुन्हा तेच झबलं. पाठ नलूबाईंच्या जुनेराची होती, आणि आता एक बाही सदऱ्याची लागली होती.

कुणीतरी परकर टाकला. दुसरी बाही लागली.

बायकांचं हसणं थांबलं.

“मॅडम, हे कोनाच्या लेकराचं?” नलूबाईंनी विचारलं.

“यात झबलं नाहीच आहे. मी घातलंच नाही.”

“मंग शिवून कोन राह्यलं?”

नलूबाईंची नजर दीपाच्या पोटावर आली आणि तिथंच राहिली. पोट अजून दिसण्यासारखं नव्हतंच.

“जन्माच्या आधी लेकराचं शिवत नाही, हे मायनं नाही सांगतलं तुले? अन् आमच्या कापडाचं कायले शिवतं?”

बायकांनी आपापली कापडं ओढून घेतली. लालीबाई सदरा झटकून थुंकली. दीपाला त्यांनी दारापर्यंत वाट दिली, अंगाला अंग लागू नये एवढी.

“बंद तेवढे राह्यले,” नलूबाई मागून म्हणाल्या. “ते आमच्या कापडाचे भेटनार नाही.”

एसटीत बसल्या बसल्या दीपानं ॲप काढून टाकलं आणि ओढणी पोटाभोवती घट्ट लपेटली. आता फोटोच काढायचा नाही, तर बंद येतील कुठून? कळंब येईपर्यंत तिला जरा धीर आला.

घरी तिनं ओढणी सोडली.

काठाच्या दोन पट्ट्या गेल्या होत्या, बोटभर रुंद, वीतभर लांब.

कापलेल्या कडा कुणीतरी दुमडून, बारीक टाके घालून शिवल्या होत्या.