पाच नंबरचे आजोबा

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. शेजारच्या दिनानाथकाकांनी गच्चीवर आम्हा मुलांना तसं बजावलं होतं. "भूपेशच्या कानावर गेलं तर त्याला वाईट वाटेल. खाली जाऊन बडबडू नका." सोहम लगेच हो म्हणाला. मी तर एरवीही फारशी बोलत नाही, म्हणून काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिरगावात लाईट गेली होती, आणि काकांनी आवाज खाली आणून सुरुवात केली.

भूपेश अंबरनाथच्या कारखान्यात काकांच्या हाताखाली काम करतो. राहतो खरवईला. गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवारची रात्र. तो बाईकवरून उल्हासनगरला निघाला होता, आईचं इंजेक्शन आणायला.

त्याची आई, मोतीबाई, बदलापूरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत होती. बेड नंबर चार. निमोनियाने आत गेली आणि आत गेल्यावर तिला दुसराच जंतू चिकटला. डॉक्टरांनी एकामागून एक औषधं बदलली. जंतू कशालाच दाद देईना. "आता एकच उरलंय," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडचा साठा संपलाय. रात्रीच आणा."

खरवईच्या औषधाच्या दुकानात अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल मागितल्या की कुणी काही न विचारता देतं. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराने मात्र आधी रिपोर्ट मागितला. चष्मा वर करून वाचला. मग फ्रिजमधून खोकं काढत म्हणाला, "साईं, ये आखिरीवाला है. इसके बाद मेरे पास भी कुछ नहीं."

परत येताना भूपेशच्या डोक्यात आई होती, आणि पाच नंबरचे आजोबाही होते.

नाथा आजोबा. आईच्या शेजारच्या बेडवर. त्यांना भेटायला कोणी येत नसे. भूपेश रोज संध्याकाळी देवळातला अंगारा पुडीत घालून आत न्यायचा आणि आईच्या कपाळाला लावायचा. एकदा आजोबांनी पडद्याआडून हात पुढे केला. "मला पन लाव ना, बाला." भूपेशला कसंतरी झालं. त्याने त्याच बोटाने त्यांनाही अंगारा लावला. तेव्हापासून रोजच.

सुहासिनी सिस्टरने एक दिवस पाहिलं आणि कडाडली. "अहो दादा! एका पेशंटला लावलेला हात दुसऱ्याला? प्रत्येक बेडला हात चोळायच्या औषधाची बाटली कशाला टांगलीय, शोभेला?"

"सिस्टर, अंगारा आहे तो. त्याने काय होतंय!"

आजोबा दोन दिवसांत वॉर्डात जाणार होते. त्यांना ताप भरला. रिपोर्ट आला तेव्हा जंतू तोच निघाला, आईचाच. गुरुवारी पहाटे आजोबा गेले.

"तुमच्याच हातून गेला असेल असं नाही," सिस्टर नंतर म्हणाली. "इथे हात खूप जणांचे लागतात." पण भूपेशने पुडी आणणं बंद केलं.

शुक्रवारी रात्री भूपेश इंजेक्शन घेऊन हॉस्पिटलात पोचला तेव्हा जिना सुनसान होता. त्याने धावत जाऊन गाऊन घातला. मास्क लावला. टोपी भुवयांपर्यंत ओढली. सिस्टरने खोकं घेतलं आणि ती कोपऱ्यातल्या टेबलाशी इंजेक्शन तयार करायला वळली.

"लांबूनच बघा आईला."

भूपेश आईच्या पायथ्याशी उभा राहिला. पडद्यापलीकडे पाच नंबर. रिकामा. चादरही काढलेली.

फुस्स...

बाटली दाबल्याचा आवाज.

सिस्टर पाठमोरी होती. तिचे दोन्ही हात कामात होते.

फुस्स...

मग हात चोळल्याचा आवाज. सावकाश. बोटांच्या बेचक्यांतून. सिस्टर शिकवते तसा.

इथे सोहम हळूच म्हणाला, "काका, भुताने मास्क पण लावला होता का?" कोणी हसलं नाही. काकासुद्धा.

पडदा हलला.

आजोबा... आईच्या उशाशी. निळा गाऊन. उजव्या हाताचं एक बोट पुढे. बोटावर राख.

"आजोबा, नको..."

बोट आईच्या कपाळाकडे निघालं. भूपेश झेपावला. हात पुढे केला. आणि थांबला. दुकानातल्या नोटा. बाईकचं हँडल. जिन्याचा कठडा. सगळं त्याच हाताला... घाईत बाटली दाबायची राहिली होती.

बोटही थांबलं. आजोबा त्याच्याकडे बघत होते.

"हात धुतलंस, बाला?"

त्याने बाटली दाबली. हात चोळले. डोळे आईवर. मग वर पाहिलं...

कोणी नव्हतं. आईचं कपाळ स्वच्छ होतं.

"कोणाशी बोलताय, दादा?" सिस्टर सिरिंज घेऊन आली होती.

त्या इंजेक्शनने आईचा ताप उतरला. मोतीबाई घरी आली. आता सुनेच्या कालवणात मीठ कमी आहे म्हणून रोज भांडते.

"मग आजोबा चांगलेच होते की," सोहम म्हणाला.

काका म्हणाले, त्या रात्री भूपेशने बाहेर येऊन बेसिनपाशी टोपी काढली. आरशात पाहिलं. टोपीखाली, कपाळावर, एका बोटाचा अंगारा. ओला. बाटलीतल्या औषधाचा वास येणारा. टोपी आतून पांढरी स्वच्छ...

"आशीर्वाद दिला, की त्याचं त्याला परत केलं, ते भूपेशला अजून कळलं नाही. घासून घासून हातांची सालं निघालीत त्याच्या."

एवढंच काकांनी सांगितलं. यापुढचं त्यांनाही माहीत नाही. काल भूपेशदादा काकांकडे आला होता. काका घरी नव्हते, म्हणून आमच्या दारात थांबला. मी पाणी नेलं. त्याने आधी खिशातली बाटली काढून हात चोळले. मग घाम पुसायला डोक्यावरची कॅप वर केली, आणि त्याच्या कपाळावर मला...

"ओवी! ताट वाढलंय." आतून आईची हाक. "हात धुतलेस का गं?"