नऊ ठिपके

मोरीतला रिकामा तांब्या आपसूक कलंडला आणि फरशीवर टणटणत गेला. मृणालिनी दचकली. एरवी गिरगावच्या त्या चाळीत तांब्या काय, कपाट पडलं तरी कुणी मान वळवली नसती. पण छप्पन्नचा जानेवारी वेगळा होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं, गोळीबार झाला होता, आणि संचारबंदीत भर दुपारी अख्खी चाळ दारं ओढून गप्प बसली होती.

चार वर्षांची राधा मांडीवर झोपली होती. तिच्यासाठीच तर मृणालिनी काल परळच्या प्रयोगशाळेतून धावत निघाली होती. नवरा सत्याग्रहात पकडला गेलेला, पोर शेजारच्या दुर्गाकाकूंकडे.

कातडीच्या रंगावर आणि काळ्या तिळातून होणाऱ्या कर्करोगावर तिचं संशोधन चाले. काल निघता निघता लालबागच्या अंबिकाचा नमुना आला. अंबिका मूळची कोकणातली, गिरणीत कामाला. मनगटावरचा तीळ वाढलेला, काखेतून काढलेली गाठ आतून काळीकुट्ट. अशा गाठीचा पातळ काप रात्रभर पेरॉक्साइडमध्ये ठेवायचा असतो. रोगाचा काळा रंग उडतो. गोंदणाची काजळी उडत नाही. गोंदलेल्या हातातली काजळी कधीकधी काखेपर्यंत जाऊन बसते, हे मृणालिनीला पक्कं ठाऊक होतं. पण चार वाजता संचारबंदी. तिने काप तसाच पाहिला आणि लिहून दिलं : रोग पसरला आहे.

संचारबंदी उठून ती कामावर गेली, तेव्हा तिच्या अहवालावरून अंबिकाचा उजवा हात खांद्यापासून कापलेला होता.

तिने काप पेरॉक्साइडमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी काळं जसंच्या तसं. काजळीच ती. नुसता तीळ काढून भागलं असतं.

"डॉक्टर, चूक माझी," ती वरिष्ठांना, चिंतामणींना म्हणाली.

"हात परत शिवता येतोय का, बाई? मग?" त्यांनी मान वर केली नाही.

वॉर्डात अंबिका छताकडे बघत पडली होती.

"माझो हात खंय ठेवलास गो?"

"जपून ठेवलाय. अंबिकाबाई, मी—"

"तेच्यार गोंदाण आसा. नऊ ठिपक्यांची तुळस. माज्या चेडवाच्या हातार पण तशीच होती. चार वर्सांचा होऊन गेला ता. मेल्यार सोना-नाणा हयंच रवता, गोंदाण तेवढा वांगडा येता. आता ता माका वळखतला कसा?"

या बाईची लेक राधाच्याच वयात गेली होती, आणि आता वांगडा, सोबत न्यायला गोंदणही उरलं नव्हतं. ओठांवर आलेली कबुली मृणालिनीने गिळली. आठव्या दिवशी जखम चिघळून अंबिका गेली.

कापलेल्या हातावरचा गोंदलेल्या कातडीचा तुकडा अभ्यासासाठी फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवला होता. फाल्गुनात एका सोमवारी तिने सहज ठिपके मोजले. आठ. मोजताना चुकलं असेल. पुढच्या सोमवारी सात. तिने बरणी कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

सहा.

त्याच आठवड्यात राधाला न्हाऊ घालताना तिचा हात थांबला. पोरीच्या उजव्या मनगटावर निळसर काळे तीन ठिपके.

"शाई सांडलीस का गं?"

"नाही."

शिकेकाई झाली, लिंबू झालं. कातडी लाल झाली.

"आई, दुखतंय!"

"तीळ आहेत गं ते," दुर्गाकाकू दारातून म्हणाल्या. "तुला मेलीला घरातसुद्धा तुझंच दुकान दिसतं!"

मृणालिनीने भिंग लावलं. रंग कातडीवर नव्हता. कातडीच्या आत होता.

चैत्र सरता सरता बरणीत दोन उरले. पोरीच्या हातावर सात.

कपाट उघडून ती बरणीसमोर उभी राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "अंबिकाबाई, मी घाईने लिहिलं. पोरीसाठी. माझ्या पोरीला यात ओढू नका."

बरणीतलं पाणी हललंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी एक.

ती तशीच घरी पळाली. राधा गॅलरीत मनगटावर बोट ठेवून मोजत बसली होती. आठ म्हणून ती थांबली. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हसली आणि मग आईकडे वळली.

"आई, तुळस पुरी झाली की मी तुझ्याजवळ राहायचं, की तिच्या वांगडा जायचं?"